संमतीच्या अटींत ठरलेल्या भेटीच्या वेळा नंतर बदलून घेता येतात का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात २०२१ साली परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, आता आठ वर्षांची आहे. ताबा आईकडे. वडिलांना पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ भेट. मुक्काम नाही, सुट्ट्यांबद्दल अटींत एक ओळही नाही. मध्यंतरी आईची बदली झाली आणि मायलेकी नाशिकला गेल्या. मुलीची शाळा शनिवारीही असते. आता महिन्याला एक भेट झाली तरी पुष्कळ, अशी अवस्था आहे. वडील विचारतात: सह्या करून बसलोय, आता बदल मिळेल का? अर्ज पुण्यात करायचा की नाशिकला? पोटगी थांबवली तर काम लवकर होईल का? एका वकिलांनी आधी अवमान याचिका टाकायला सांगितलंय, ती टाकू का?

बदल मिळतो. सह्या केल्या म्हणून हात बांधले गेले, असं ताब्याच्या आणि भेटीच्या बाबतीत होत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ मध्येच लिहिलंय की घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यानंतरही न्यायालय अर्जावरून मुलांबद्दलचे आदेश वेळोवेळी करू शकतं, रद्द करू शकतं, स्थगित ठेवू शकतं किंवा बदलू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या रोझी जेकब खटल्यात सांगितलं की असे आदेश कायमचे नसतात, मुलांच्या गरजा बदलतील तसे ते बदलता येतात. २०१० च्या एका निकालात तर परिस्थिती तुमच्यासारखीच होती, फक्त अंतर मोठं. संमतीने घटस्फोट, भेटी ठरलेल्या, आणि आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचं. वडील म्हणाले, अटी ठरल्यात, आता बदल नको. न्यायालयाने आईला मुलासह जाऊ दिलं आणि वडिलांच्या भेटी नव्या परिस्थितीला धरून बसवल्या. हा निकाल तुम्ही नीट लक्षात घ्या, कारण तो तुमच्या बाजूनेही चालतो आणि विरुद्धही. अटी बदलता येतात हे त्यातून सिद्ध होतं. पण 'ती नाशिकला गेलीच का' या तक्रारीवर अर्ज उभा केलात तर तोच निकाल समोरचे वकील तुम्हाला वाचून दाखवतील.

माझ्याकडे येणारे बहुतेक अर्ज इथेच घसरतात. पहिली तीन पानं सासरच्या लोकांवर, चौथं पान फोन उचलला नाही यावर, आणि सहाव्या पानावर कुठेतरी मुलीचं नाव. न्यायाधीशांनी काल असेच पाच अर्ज वाचलेले असतात. तुमच्यावर अन्याय झाला असेलही, पण वेळापत्रक बदलण्याचं कारण तो नाही. कारण एवढंच: २०२१ ला चार वर्षांच्या मुलीसाठी जे ठरवलं ते २०२५ च्या आठ वर्षांच्या मुलीला बसत नाही. चार वर्षांची मुलगी आईशिवाय रात्र काढेल का, ही शंका तेव्हा रास्त होती. आज ती शाळेच्या सहलीला जाते. तेव्हा शनिवार मोकळा होता, आज शाळा आहे. तेव्हा घरं एका शहरात होती, आज मध्ये दोनशे किलोमीटर आहेत. ही तीन वाक्यं अर्जाच्या पहिल्या पानावर आली पाहिजेत. घटस्फोटापूर्वीचं काहीही त्यात घालू नका. ते प्रकरण बंद झालंय.

अर्ज कुठे करायचा, याला दोन रस्ते आहेत. कलम २६ खालचा अर्ज ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला त्याच न्यायालयात, म्हणजे पुण्यात. दुसरा रस्ता पालक आणि पाल्य कायदा, १८९० चा. त्याच्या कलम ९ प्रमाणे अल्पवयीन मूल जिथे सर्वसाधारणपणे राहतं तिथलं न्यायालय, म्हणजे नाशिक. तुम्हाला ताबा नको आहे, फक्त भेटीच्या वेळा बदलून हव्या आहेत, म्हणून मी पुण्यातच कलम २६ चा अर्ज करेन. मूळ फाइल तिथे आहे, संमतीच्या अटी तिथल्याच न्यायालयाने नोंदवून घेतल्यात, नव्याने सगळं सिद्ध करत बसावं लागत नाही. समोरून हरकत येईल की मुलगी नाशिकला, समुपदेशनाला तिला पुण्यात का ओढता? ही हरकत पोकळ नाही. त्यावर आधीच उत्तर ठेवा: मुलीशी बोलणं व्हिडिओ कॉलवर व्हावं किंवा तिच्या सुट्टीच्या दिवशी व्हावं, अशी विनंती अर्जातच करा.

जाता जाता इतर वाचकांसाठी. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर कलम ३८, ख्रिस्ती विवाहात घटस्फोट कायदा, १८६९ ची कलमं ४१ ते ४४, पारशी विवाहात १९३६ च्या कायद्याचं कलम ४९. मुस्लिम पालकांसाठी सहसा १८९० चाच कायदा. आणि भेटीचा आदेश कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यांनी दिलेला असेल, तर २००५ च्या त्या कायद्यातल्या कलम २५(२) खाली, परिस्थिती बदलली म्हणून, त्याच दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आता पोटगी. थांबवू नका. एक महिनासुद्धा नाही. पोटगी आणि भेट यांचा एकमेकांशी सौदा होत नाही. पोटगी थकली म्हणून आईला भेट अडवता येत नाही आणि भेट अडली म्हणून वडिलांना पोटगी अडवता येत नाही. मुलीच्या शाळेची फी ज्या पैशातून जाते ते थांबवून तुम्ही न्यायाधीशांसमोर 'मुलीचं हित' म्हणायला उभे राहिलात, तर पुढचं बोलणं कुणी ऐकणार नाही. उलट बँकेचं स्टेटमेंट अर्जाला जोडा. दर महिन्याच्या त्याच तारखेला जमा झालेली रक्कम दहा पानी शपथपत्रापेक्षा जास्त बोलते.

अवमान याचिकेबद्दल माझं मत त्या वकिलांपेक्षा वेगळं आहे. खालच्या न्यायालयाच्या आदेशाचा अवमान झाला तर ते प्रकरण उच्च न्यायालयात चालतं. तिथे प्रश्न एवढाच असतो की आदेश जाणूनबुजून मोडला का. आईची बदली झाली, शनिवारी शाळा आहे, हे कागदावर आलं की 'जाणूनबुजून' सिद्ध करणं अवघड होतं. सिद्ध झालं तरी तुमच्या वेळा त्याने बदलत नाहीत, त्यासाठी पुण्यात परत यावंच लागतं. आणि तोवर समोरची व्यक्ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखी वागू लागलेली असते, तिच्याशी चार गोष्टी ठरवण्याची शक्यता संपते. बुडालेल्या भेटींची भरपाई हवी असेल तर बदलाच्या अर्जातच ती मागा. आदेश स्पष्ट असून पुन्हा पुन्हा मोडला जात असेल तर कौटुंबिक न्यायालयातच दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करता येते. अवमानाचा कायदा शेवटी हाताशी असू द्या, फक्त एवढं ध्यानात ठेवा की त्याला घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे.

अर्जापूर्वी एक साधं काम करा. मुलीच्या आईला एक मेसेज पाठवा, ई-मेल असेल तर उत्तम. त्यात राग नको, वकिली भाषाही नको. 'शनिवारच्या शाळेमुळे भेटी होत नाहीत, मी असं सुचवतो, तुला काय सोयीचं आहे ते कळव', बस. उत्तर होकारार्थी आलं तर निम्मं काम झालं. नकार आला किंवा काहीच आलं नाही तरी तो मेसेज अर्जाला जोडता येतो. हा मेसेज उद्या न्यायाधीश वाचणार आहेत असं धरून लिहा, कारण ते खरंच वाचतात. मी असे स्क्रीनशॉट पाहिलेत की ज्यांत तक्रार रास्त होती आणि भाषेनेच खटला घालवला. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १४ मुळे तिथे पुराव्याचे काटेकोर नियम शिथिल असतात, तरीही मोबाइलवरच्या मजकुरासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडून टाका. नंतर हरकतीत वेळ जात नाही. शाळेचं वर्षाचं कॅलेंडर, तुमच्या कामाच्या सुट्टीचं पत्र, घरात मुलीसाठी जागा आहे हे दाखवणारे दोन फोटो, आजी-आजोबा घरी असतात हे सांगणारं त्यांचं छोटं शपथपत्र. याहून जास्त कागद लागत नाहीत.

आणि दोघांचं जमलं, तर तोंडी ठेवू नका. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीवर आहे. तोंडी व्यवस्था सहा महिने छान चालते, मग कुणाचं तरी दुसरं लग्न ठरतं, कुणाची तरी आई आजारी पडते आणि एका संध्याकाळी 'कागदावर काय आहे ते बघा' असं ऐकायला मिळतं. कागदावर अजून २०२१ चाच शनिवार असतो. दोघांनी सुधारित संमतीच्या अटींवर सह्या करायच्या, पुरसिससह, म्हणजे न्यायालयाला ते कळवणाऱ्या लेखी निवेदनासह, दाखल करायच्या, दोघांनी हजर राहून त्या कबूल करायच्या आणि न्यायालयाकडून त्यावर आदेश घ्यायचा. संमती असेल तर हे काम फारसं लांबत नाही.

मागायचं काय, यावर थोडं थांबूया, कारण इथे वडील दोन टोकं गाठतात. एक तर 'भेटी वाढवाव्यात' अशी एकच मोघम ओळ, नाहीतर थेट अर्धा ताबा. मोघम मागणीला मोघम आदेश मिळतो आणि तो पाळला गेला की मोडला, हेच ठरवता येत नाही. पुणे-नाशिक रस्त्याने चार ते पाच तास लागतात. दर आठवड्याला मुलीला आणायचं म्हटलंत तर तिचा रविवार गाडीत जाईल. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर तमिळनाडूतलं असंच एक प्रकरण आलं होतं. दोन वर्षांची मुलगी आईजवळ मदुराईत, आणि उच्च न्यायालयाने दर रविवारी तिला करूरला नेऊन वडिलांना भेटवायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने भेट कायम ठेवली, जागा मात्र मदुराई केली. वडिलांना भेटीचा हक्क आहे, पण तो मुलीच्या प्रकृतीच्या किमतीवर नाही, असा त्याचा रोख होता. मुलगी दोन वर्षांची होती आणि तुमची आठ वर्षांची आहे, हे खरं. तरी प्रवास कुणी करायचा याची सुरुवात तुमच्यापासून करा.

मी मसुदा करेन तो साधारण असा. महिन्यातले दोन शनिवार-रविवार. त्यातल्या एका वेळी वडील नाशिकला जातील, शनिवारी शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत आणि रविवारी सकाळी १० ते ५. दुसऱ्या वेळी मुलगी पुण्यात मुक्कामाला येईल. पण हा मुक्काम पहिल्या दिवसापासून मागू नका. पहिले तीन महिने फक्त नाशिकमधल्या भेटी, नंतर नाशिकलाच एक रात्र, मग पुण्यातली रात्र, अशा पायऱ्या करा. ज्या मुलीने चार वर्षांत वडिलांकडे एकही रात्र काढलेली नाही, तिला एकदम दोन रात्री दूर नेणं तिला झेपणार नाही, आणि पहिल्याच रात्री ती रडली तर तेच पुढच्या तारखेला तुमच्याविरुद्ध येईल. पायऱ्यांचा आदेश मिळणंही सोपं जातं. न्यायाधीशांना 'प्रयोग फसला तर काय' याची भीती राहत नाही.

सुट्ट्या वेगळ्या लिहा. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, तारखा शाळेचं वेळापत्रक आल्यावर एका आठवड्यात ठरवायच्या. दिवाळी एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. भाऊबीज मात्र वेगळी तपासा. मुलीला एखादा चुलतभाऊ असेल तर तो दिवस तिच्यासाठी वेगळा असतो. तुमच्याकडे गणपती बसत असतील तर त्यातला एक दिवस मागा, दहा दिवस मागू नका. मुलीचा वाढदिवस शाळेच्या दिवशी आला तर दोन तास, सुट्टीच्या दिवशी आला तर अर्धा दिवस. आठवड्यातून दोन-तीन ठरलेले व्हिडिओ कॉल, वेळ लिहून. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात, ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी शक्यतो रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं असं म्हटलंय, त्यामुळे कॉलची मागणी सहसा नाकारली जात नाही. मुलीचं आजारपण, परीक्षा आणि रद्द झालेली भेट यांचंही एकेक वाक्य हवं: किती तास आधी कळवायचं आणि बदली दिवस कोणता. शाळेच्या पालकसभेचं आमंत्रण दोघांना मिळावं, ही ओळ मी कधीच सोडत नाही. हक्क म्हणून ती छोटी आहे, पण वर्गशिक्षिकेशी ओळख असलेले वडील मुलीशी निराळ्याच विषयांवर बोलू शकतात.

अर्ज दाखल झाला की समोरच्याला नोटीस जाते, त्यांचं म्हणणं (लेखी उत्तर) दाखल होतं आणि बहुतेक वेळा न्यायालय तुम्हाला विवाह समुपदेशकाकडे पाठवतं. या टप्प्याला लोक कमी लेखतात. वकील बाहेर थांबतात, आत तुम्ही दोघं आणि समुपदेशक. तिथलं बोलणं गोपनीय असतं, ते पुरावा म्हणून वापरलं जात नाही, म्हणून तिथे थोडं मोकळं होता येतं. तिथेही मुलीच्या आठवड्यावर बोला. सोमवार ते शनिवार ती किती वाजता उठते, क्लास कोणता, मैत्रिणी कोण, हे तुम्हाला माहीत नसेल तर अर्ज करण्यापूर्वी तिच्याकडूनच जाणून घ्या. मात्र कोर्टात काय सांगायचं ते तिला शिकवू नका. पढवलेलं मूल समुपदेशकाला दहा मिनिटांत कळतं.

मुलीला विचारतात का? विचारतात. १८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये म्हटलंय की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. अमुक वर्षांनंतर मुलाचं म्हणणं बंधनकारक, असा नियम कुठेही नाही. तो लोकांनी आपसांत पसरवलेला समज आहे. न्यायाधीश शक्यतो चेंबरमध्ये, पालकांना बाहेर ठेवून बोलतात. ती 'नको' म्हणाली तरी तेवढ्यावर आदेश होत नाही. आणि ती नको म्हणाली की लगेच 'आईने भरवलंय' असा आरोप करू नका. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा शिक्का घाईने मारू नये, मूल तोडलं जातंय असं म्हणणाऱ्याने नेमकं कोणतं वागणं तसं होतं ते दाखवावं, अशा अर्थाचं म्हटलंय. तुमच्याकडे तसे नेमके प्रसंग असतील तर तारखांसह लिहा, नसतील तर तो मुद्दा अर्जातून काढून टाका.

हे उत्तर आयाही वाचतील, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. भेटीत मुलाला धोका आहे असं वाटत असेल, मारहाण, दारू, किंवा त्याहून गंभीर काही, तर नुसतं पाठवणं बंद करून बसू नका. त्याच आठवड्यात भेट स्थगित करण्याचा किंवा ती कोर्टाच्या बालकक्षात, कुणाच्या तरी देखरेखीखाली ठेवण्याचा तातडीचा अर्ज करा. गुपचूप बंद केलेली भेट आदेशाचा भंग ठरते. अर्ज करून मागितलेली स्थगिती भंग ठरत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. मे महिन्याच्या सुट्टीसाठीचे अर्ज एप्रिलमध्ये ढिगाने येतात आणि मग न्यायालयालाच सुट्टी लागते. समुपदेशन, म्हणणं, युक्तिवाद, सगळं त्याआधी बसायला हवं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज करा, आणि मुख्य अर्जासोबत या वर्षाच्या सुट्टीपुरता अंतरिम अर्ज वेगळा द्या. मुख्य अर्ज रेंगाळला तरी सुट्टीचा आदेश मिळू शकतो. अंतरिम आदेश मनासारखा आला नाही तर त्यावर अपील होत नाही, उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. मुक्कामाच्या एका रात्रीसाठी तो खर्च मी सहसा करू देत नाही. पहिले तीन महिने नीट पाळा आणि वाढीव मागणी घेऊन परत जा. अंतिम आदेशावर मात्र अपील आहे, त्याची मुदत निकाल लागला त्याच दिवशी वकिलांकडून लिहून घ्या.

आदेश झाला की सही-शिक्क्याच्या दोन नकला काढा, एक घरी आणि एक प्रवासाच्या बॅगेत. शाळेला त्याची झेरॉक्स द्या, नाहीतर शनिवारी गेटवर वॉचमनशी वाद होतो आणि तो मुलीच्या मैत्रिणींसमोर होतो. आणि मसुद्यात शेवटची एक अट असू द्या: किरकोळ अदलाबदल दोघांनी लेखी मेसेजने कबूल केली तर ती त्या एका भेटीपुरती चालेल, मूळ वेळापत्रक तसंच राहील. म्हणजे पावसात घाट बंद पडला म्हणून रविवारचा सोमवार करायला कुणाला कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही.